साजाच्या झाडाखालचा व्हिडिओ

शालू, तुझ्या टीमच्या पेजवर शेवटी दोनच ओळी टाकल्या. आपल्या शालूताई गेल्या. सराव पुढच्या सूचनेपर्यंत बंद. फोटो टाकला नाही, कारण तुझा एकटीचा फोटोच नाही. सगळ्या फोटोंत तू कडेला, पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी बुटाची लेस बांधत बसलेली. त्या दोन ओळींखाली लोक येतात, हात जोडतात, जातात. मधेच एक जण विचारतो, मुलींच्या होस्टेलची सोय आहे का. असल्या प्रश्नांची उत्तरं तू सांगायचीस आणि मी टाइप करायची. आता मी फोन उचलते, ठेवते, परत उचलते. घरात इकडून तिकडे फिरते. स्वयंपाक करताना पोळी तव्यावर टाकून मी गॅलरीत काय करायला गेले तेच आठवत नाही, आणि मग जळाल्याचा वास येतो.

तुझं कसं झालं, ते मला लिहायचं नाही. हिवताप डोक्यात गेला, एवढं सगळ्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि तू उठून गेलीस. हे तुझं नेहमीचं. हरायला लागलीस की पाणी प्यायचं निमित्त काढून उठायचीस.

प्राचार्यांचा फोन तुझ्या मातीनंतर लगेच आला. माणूस वाईट नाही, तुलाही माहीत आहे. म्हणाले, "वर्षा मॅडम, दोन ओळींनी काय होते? एक चांगली रील बनवा त्यांच्यावर. सध्या लोकांच्या मनात सहानुभूती आहे, ॲडमिशनचे दिवस आहेत. यंदा नवीन पोरी आल्या नाहीत तर संस्था मुलींची टीम बंद करते म्हणून राह्यली. मैदानावर पार्किंगचं शेड येईन." मग ते हळूच म्हणाले, "टीम राहिली तर त्यांचंच नाव राहीन ना." ते बरोबरच बोलत होते, आणि मला तो फोन भिंतीवर फेकावासा वाटत होता.

कारण रील माझ्याकडे आहे. तुझीच आहे. तू नको म्हटलेली.

पण तू नको म्हटलं होतंस का, तेच मला ठरवता येत नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं परत आठवून बघते आहे. वकिलासारखी.

आपण दोघी ऊर्जानगरच्या बास्केटबॉल कोर्टवर भेटलो. मी क्वार्टरमधली, बाबा पॉवर स्टेशनात. तू पोंभुर्ण्याकडची, ढिवराची पोर, मामाकडे राहायला आलेली. मामा ठेकेदाराकडे कामाला होता, म्हणून तुला कॉलनीच्या मैदानात यायची मुभा नव्हती. चौकीदाराला मी सांगायची, ही माझी आतेबहीण. त्यानं कधी खरं मानलं नाही, पण सोडायचा. कोर्टवर राखेचा थर असायचा. बॉल दोनदा आपटला की हात काळे. तू काळ्या हाताने घाम पुसायचीस आणि सगळ्या चेहऱ्याला फासून घ्यायचीस, मग समोरची पोरगी हसायची, आणि तेवढ्यात तू तिच्या हातातला बॉल घेऊन पसार. मी तुझ्यापेक्षा उंच होते. तरी तू जिल्ह्याच्या टीममध्ये गेलीस आणि मी बी.कॉमला.

मग मध्ये बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत बाबांच्या घरी येऊन बसले. तेव्हा तू गडचिरोलीला कॉलेजात खेळाची मॅडम म्हणून लागली होतीस, तासिकेवर, म्हणजे कधी काढतील त्याचा नेम नाही. एक दिवस एसटीने आलीस, चहाही न पिता म्हणालीस, "काऊन वो, भिंती पाहत बसली का? फोन चालवता येते ना तुले? चाल मंग. माह्या पोट्ट्याईचं पेज बनवून दे." त्या एका पेजवरून मला पुढे काम मिळत गेलं. साडीचं दुकान, कोचिंग क्लास, एक दवाखाना. आज मी माझ्या हिमतीवर राहते. हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटायचं, मी उपकार करते आहे तुझ्यावर. उलटं होतं गं.

भांडणं मात्र पहिल्या पोस्टपासून. मी लिहिलं होतं, "जंगलच्या वाघिणी मैदानात." आता चंद्रपुरात राहून वाघाशिवाय कॅप्शन लिहायची म्हणजे काय करायचं? इथे वाघ पतसंस्थेच्या बोर्डावर आहे, सलूनच्या काचेवर आहे. तू मैदानातून फोन केलास. "आपल्या टीमच्या रेखाचा काका जनावरानं नेला. तिच्या गावात सांजच्या वेळी त्याचं नाव बी घेत नाई. अन् तू तिले वाघीन म्हन्ते? तिच्या मायसमोर वाचून दाखव मंग." मी म्हटलं, लोकांना आवडतं. तू म्हणालीस, "कोन्त्या लोकाईले?" मी कॅप्शन काढली, पण मनातून मला अजूनही ती बरी वाटते. दुसऱ्या टीमला देईन कधीतरी.

तुझं एकच पालुपद होतं. रीलने पोरगी येत नाही, पोरगीची माय यावी लागते. आपल्या रील पुण्यात बघतात, नागपुरात बघतात, ऊर्जानगरचे काका लाइकचा अंगठा दाखवतात, आणि जिथून पोरी यायच्या त्या पेंढरीकडे नेटवर्कसाठी लोक झाडावर चढतात. मी म्हणायची, रीच वाढला की कोणीतरी मदत करेल, बूट देईल, संस्था घाबरेल. तू म्हणायचीस, बूट घालायला पोट्टी तं पायजे. दोघींचं खरं होतं, म्हणून ते भांडण टिकलं.

मग तू तो उपाय काढलास. पोरी येत नाहीत ना, मग रिंग घेऊन गावात जायचं. कॉलेजची जुनी, वाकलेली रिंग पोत्यात घातलीस, एक बॉल, हातोडी, खिळे. मला म्हणालीस, तुझा तीन पायाचा डोळा घे सोबत. म्हणजे ट्रायपॉड. मोहाचा हंगाम सरत आला होता. एसटीतून उतरून आपण पायी गेलो. गाव गोंडांचं, घरं लांब लांब, माणूस कोणी नाही, सगळे जंगलात मोहफुलं वेचायला गेलेले. तू म्हणालीस, बरंच झालं, येईपर्यंत रिंग लावून ठेवू. गावाच्या कडेला एक सरळसोट ऐनाचं झाड होतं, तिथले लोक त्याला साज म्हणतात. बुंध्याशी थोडे दगड मांडलेले. त्यावर तू पाण्याची बाटली ठेवलीस. मी कॅमेरा सुरू केला, आणि तू झाडाला खिळा ठोकलास.

दुसरा ठोकताना बायका आल्या. डोक्यावर मोहाच्या टोपल्या. कोणी ओरडलं नाही. त्या थांबल्या, त्यातली एक परत वळली आणि गायत्याला घेऊन आली. गायता म्हणजे गावच्या देवाचं करणारा, म्हातारा, हातात काठी. त्यानं आधी बाटली उचलून तुझ्या हातात दिली. मग म्हणाला, "बाई, कोनाच्या घराले असा खिळा ठोकते का कोनी? पेनाचं, आमच्या देवाचं घर हाय हे."

तुझ्या जागी मी असते तर शंभर स्पष्टीकरणं दिली असती. माहीत नव्हतं, कॉलेजकडून आलोय, मुलींच्या भल्यासाठी आलोय. तू हातोडीच्या उलट्या बाजूने खिळा काढलास, बोट सोलवटलं, आणि सगळ्यांसमोर मातीत बसलीस. म्हणालीस, "मी ढिवराची हाव. आमी जाळं टाकाच्या आंधी पान्याच्या पाया पडतो, त्याले इचारतो. इथी मी इचारलं नाई. चुकलं माह्यं."

पुढे काय दंड द्यायचा यावर बराच वेळ गोंडीत बोलणं झालं, आपल्याला कळलं नाही. कोंबडं ठरलं. ते तू गावातच घेतलंस. झाडाच्या जखमेला तुझ्याच हाताने हळद आणि माती लिंपायला लावली. गायत्याने काहीतरी म्हटलं, मोहाच्या दारूची धार सोडली, आणि विषय संपला. संपला म्हणजे खरंच संपला, गं. मला त्याचंच नवल वाटलं. आमच्याकडे नातेवाईक लग्नातला रुसवा तीन पिढ्या सांभाळतात. इथे तासाभरात तोच म्हातारा दोन पोरांना हाका मारून बांबू रोवून घेत होता आणि तुझी रिंग सालीच्या दोरीने बांधून घेत होता. सोमारी पुढे आली, आता आपल्या टीममध्ये असलेल्या मैनाची आई. टोपली खाली ठेवली, बॉल घेतला आणि सुपातलं धान पाखडावं तसा वर उडवला. रिंगला लागलाही नाही. बायका हसून लोटपोट. मग सगळ्याच खेळल्या. जाताना सोमारी म्हणाली, "मैनाले घेऊन जाजा जून महिन्यात."

आणि हे सगळं, खिळ्यापासून हसण्यापर्यंत, माझ्या तीन पायाच्या डोळ्यानं टिपलं होतं. मी कॅमेरा बंद करायचंच विसरले होते.

रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघताना मी तुला ते दाखवलं. मी नाचत होते. म्हटलं, शालू, हे टाकलं ना, महाराष्ट्रभर जाईल. टीमला कोणी हात लावू शकणार नाही. तुझं तोंड उतरलं. "तो माह्या माफीचा व्हिडिओ हाय. लोकाईले दाखवासाठी कोनी माफी मागते का?" मी म्हटलं, लोक त्यातून शिकतील. "शिकतीन नाई. लाइक करतीन." मी चिडले. म्हटलं, टीम बंद पडल्यावर त्या माफीचं काय लोणचं घालशील? बस आली. तू पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे बसलीस, मी मागे. गडचिरोली येईपर्यंत बोललो नाही. स्टँडवर उतरल्यावर समोसे तूच घेतलेस.

त्यानंतर मी अधूनमधून विचारायची, टाकू का? आधी तू नाही म्हणायचीस. मग नुसती मान हलवायचीस. शेवटच्या वेळी फोनवर विचारलं तेव्हा तुझ्या अंगात ताप होता, मला माहीत नव्हतं, तू म्हणालीस, "पाहू."

शालू, या पाहूचं मी काय करू? आपल्याकडे पाहू म्हणजे नाही. पण तू एसटी यायला उशीर झाला की म्हणायचीस, पाहू, आणि पायी चालायला लागायचीस. तुझं पाहू म्हणजे कितीदा तरी हो असायचं. मी तो फोन मनात इतक्यांदा ऐकलाय की आता तुझा आवाजही मीच बनवते आहे असं वाटतं. कधी मी तुझ्याकडून हो म्हणवून घेते, कधी नाही.

शेवटी एका सकाळी उठले आणि एसटीत बसले. मला वाटलं, व्हिडिओत तू एकटी नाहीस. ते झाड त्यांचं आहे, चेहरे त्यांचे आहेत. त्यांना विचारते. तुझ्याकडून उत्तर मिळत नाही तर त्यांच्याकडून घेते आणि मोकळी होते.

मैनामुळे तू गेल्याचं गावात कळलेलं होतं. जोहार केला, बसले. सोमारीनं पाणी दिलं. फोन मधे ठेवला आणि सगळे वाकून बघायला लागले. तू मातीत बसतेस तिथे गायता हसला. "बाई भ्याली व्हती," म्हणाला. मग त्याचा डोळा ओलावला आणि त्यानं फोन सोमारीकडे सरकवला. मी विचारलं, टाकू का सगळ्यांसाठी? टीम वाचेल. मी त्यांना रीच समजावून सांगितला, हातवारे करून. सगळं ऐकून घेतल्यावर गायता म्हणाला, "गाव बसन तवा ठरवू." मी म्हटलं, ॲडमिशन संपतील तोवर. तो म्हणाला, "तरी."

म्हणजे तुझ्यावरच्या रीलसाठी ग्रामसभा. तू असतीस तर हसून खाली पडली असतीस. मी मात्र चिडून परत आले, प्राचार्यांचे फोन घेतले नाहीत, आणि गाव बसलं त्या दिवशी परत गेले. बायका बोलल्या, पुरुष बोलले, पुन्हा बायका बोलल्या. सोमारीनं मला मराठीत सांगितलं. "पेजवर नाई टाकाचं. पेनाच्या झाडाले खिळा ठोकला हे जगाले कायले दाखवाचं? पन आमच्या सोयऱ्याईच्या गावात जाऊ दे. माह्या बहिनीची पोट्टी घरी बसून हाय, तिले दिसू दे. आमच्या फोनात टाकून दे."

मी वाद घातला. हरले. मला अजूनही वाटतं की त्यांचं चुकलं. पेजवर टाकलं असतं तर आज संस्थेच्या लोकांची बोलायची छाती झाली नसती. पण मी तिथेच बसून एकेकाच्या फोनात तो व्हिडिओ पाठवला, इंटरनेटशिवाय, फोनाला फोन जोडून. वेळ लागला. सोमारीनं जेवायला घातलं.

प्राचार्यांना सांगितलं, रील होणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे मग, पाहू. त्यांचं पाहू मला बरोबर कळलं.

काल मी कॉलेजात गेले होते, तुझ्या कपाटातलं सामान आणायला. व्हरांड्यात शिपाईभाऊ एका बाईला घेऊन आले. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, खांद्याला भरलेली पिशवी, मागे एक उंच पोरगी, खाली बघणारी. शिपाईभाऊ म्हणाले, "खेळवाल्या मॅडमले शोधून राह्यली हे." ती सोमारीच्या गावची नव्हती. सोमारीच्या बहिणीच्या गावाच्याही पुढची होती, कुणाच्या तरी सुनेचं माहेर. एटापल्लीकडून दोन बस बदलून आली होती. तिनं कमरेच्या बटव्यातून फोन काढला, काच तडकलेली, आणि व्हिडिओ सुरू केला. तू मातीत बसलीस तिथे थांबवला.

"हे बाई कुठी हाय?"

मी म्हटलं, "काय काम होतं?"

"काम काय. पोट्टी तिच्या हाती द्याची हाय. एवढी शिकलेली बाई साऱ्याईसमोर खाली बसून चुकलं म्हन्ते. ते दुसऱ्याच्या लेकीले नीट ठेवन."

शालू, आपण दोघींनी इतकी वर्षं डोकं फोडलं की पोरगीच्या मायला काय दाखवायचं. पोरींचे नेम दाखवले, कप दाखवले, पोलीस भरतीत लागलेल्या ताया दाखवल्या. व्हिडिओसोबत तू गेल्याची बातमी गेली नव्हती. पेजवरच्या माणसांना तू गेल्याचं माहीत होतं, आणि त्या गावांमध्ये तू अजून मातीत बसून होतीस, बोट सोलवटलेलं.

मी सांगितलं. वारली म्हटलं. तिला कळलं नाही असं वाटून परत सांगितलं.

ती फोनाकडे बघत राहिली. मग तिनं फोन बटव्यात ठेवला, पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि लेकीला गोंडीत काही म्हणाली. लेक वळलीसुद्धा. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. नवीन मॅडम येतील, मोठ्या पोरी सराव घेतात, होस्टेल आहे, हे सगळं मला तोंडपाठ आहे, मी ते इतकी वर्षं लोकांना लिहीत आले. तीच थांबली.

"तू कोन व्हय तिची?"

"मैत्रीण. हे मीच काढलं फोनात."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी सँडल, माझी पर्स, केसांना लावलेला रंग. मग म्हणाली, "तुह्यं चुकलं तं तू बसशीन का अशी खाली?"

तुला माहीत आहे मी कशी आहे. मी तुझ्यापुढे कधी हरले नाही, नवऱ्यापुढे हरले नाही, कोर्टात हरले नाही. चुकलं हा शब्द माझ्या तोंडून बाबांनीही ऐकलेला नाही. मी चंद्रपूरहून शनिवारी येते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. बॉल हातात घेऊन मला किती वर्षं झाली ते मलाही आठवत नाही. आणि ती बाई उत्तराची वाट बघत उभी होती, लेकीचा हात धरून.

मी हो म्हटलं.

तिनं लेकीच्या सामानाची पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्याकडे दिली. जड आहे गं, शालू.